मांजराच्या कानाचं ऑपरेशन : टाके घालण्याआधी आत दुर्बीण घालून बघावी का?

खिडकीतली_सई

नमस्कार मंडळी,

आमचा तात्या. वय अडीच, देशी, करड्या पट्ट्यांचा, पार्किंगमध्ये सापडलेला. गेल्या पावसाळ्यात डावा कान सारखा झटकायला लागला. आतून कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण. जवळच्या डॉक्टरांनी कानातले माइट्स म्हणून थेंब दिले. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. असे सात महिने थेंब, सात महिने ओरबाडलेले हात.

मग झोपेत घोरायला लागला, तेही असं की पाहुणे विचारायचे, आत कोण झोपलंय? गिळताना मान लांब करायचा. दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन तोंडात बघितलं तर मऊ टाळूच्या मागे गुलाबी गोळा. पॉलिप. त्यांनी तो ओढून देठासकट काढला आणि बाटलीत घालून दाखवला. शेंगदाण्याएवढा असेल. आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

पाच महिन्यांनी घोरणं परत चालू. आता सीटी स्कॅन केलाय. कानाच्या मागे जी हाडाची पोकळ डबी असते, बुला म्हणतात बहुतेक, तिचे दोन्ही कप्पे डाव्या बाजूला भरलेत. खालून, म्हणजे गळ्याच्या बाजूने, ती डबी उघडून साफ करायची असं ठरतंय. नवे सर्जन म्हणाले, "सगळं निघालं असं वाटलं की मी २.७ मिलिमीटरची दुर्बीण आत घालून एकदा फिरवून बघतो आणि मगच टाके घालतो. त्याचे पैसे वेगळे लागतील."

नवऱ्याचं म्हणणं, गाडी सर्व्हिसिंगला दिली की एसीचा फिल्टर बदलायचाच असतो म्हणतात, त्यातला प्रकार आहे हा. मला तसं वाटत नाही, पण नक्की काय विचारायचं तेही कळत नाही. कुणाला अनुभव आहे का?

रानमांजर

वाचतेय. तात्याला माझ्याकडून लाड. फोटो हवाच.

अण्णा_बेळगावकर

आमच्या घरी लसूण घालून तेल कोमट करायचं आणि दोन थेंब कानात. माणसाला आणि जनावराला एकच औषध. आजी सांगायची.

ढोरवैद्य

अण्णा, आजींना नमस्कार, पण हे कृपा करून कुणी करू नका. अशा मांजराचा कानाचा पडदा बऱ्याचदा आधीच फाटलेला असतो. तेल थेट मधल्या कानात जातं. तेलाचं सोडा, दुकानातून आणलेले काही नेहमीचे थेंबसुद्धा फाटक्या पडद्यातून आत गेले तर आतल्या कानाला अपाय करतात. जेंटामायसिनचे थेंब, क्लोरहेक्सिडिनचं पाणी, दोन्ही त्यात आलं. आणि विषय निघालाच आहे तर : दुखतंय म्हणून मांजराला घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. अर्ध्या गोळीने मांजर गेलेलं मी पाहिलंय.

आता सईताईंच्या प्रश्नाकडे येतो. बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, गायी-म्हशींपासून सुरुवात झाली म्हणून हा आयडी. हल्ली निम्मी मांजरंच येतात.

मांजराच्या बुलात एक गंमत आहे, जी कुत्र्यात नाही. मांजराची डबी एका पातळ हाडाच्या आडभिंतीने दोन कप्प्यांत विभागलेली असते. बाहेरच्या आणि वरच्या बाजूला लहान कप्पा. कानाचा पडदा, ऐकण्याची बारीक हाडं आणि घशाकडे जाणाऱ्या युस्टेशियन नळीचं तोंड त्यात. आतल्या आणि खालच्या बाजूला मोठा कप्पा. दोन्हींना जोडणारी फक्त एक बारीक फट. कुत्र्यात अशी पूर्ण भिंत नसते, त्यामुळे कुत्र्यांच्या कानांवर हात बसलेला सर्जन मांजराचा एक कप्पा चकचकीत करून दुसरा तसाच सोडू शकतो. ते होऊ नये म्हणून भिंत मुद्दाम फोडावी लागते.

तुमच्या तात्याचं गळ्याच्या बाजूने करणार आहेत. मांजराला उताणं झोपवायचं, जबड्याच्या कोनामागे बुला बोटाला लागतो, तिथे छेद. आधी मोठा कप्पा उघडतो, मग भिंत फोडून लहान कप्प्यात जायचं. पॉलिपचं मूळ बहुतेक वेळा कुठे? लहान कप्प्यात किंवा नळीत. म्हणजे ज्या खोलीत चोर लपलाय ती आतली. पहिल्यांदा ओढून काढला तेव्हा देठ निघाला, मूळ राहिलं. नुसतं ओढून काढण्यात परत उगवायचं प्रमाण बरंच असतं. नंतर काही आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं तर ते कमी होतं. डबी उघडून काढलं तर परत येणं क्वचितच. त्यामुळे ऑपरेशनचा निर्णय योग्य आहे.

दुर्बिणीबद्दल रात्री लिहितो, पेशंट आलाय.

हिशोबनीस

डॉक, तुम्हीच म्हणताय की डबी उघडली की परत येणं क्वचित. मग दुर्बीण कशाला? हल्ली मनुष्यप्राण्याच्या दवाखान्यातही प्रत्येक गोष्टीला यंत्र निघालंय. वेळ वाढतो, भूल वाढते, बिल तर वाढतंच.

कानसेन

मी माणसांच्या कान-नाक-घशाचा डॉक्टर. मांजराचा कान मी उघडलेला नाही, पण हा वाद आमच्या घरचाच आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडे कोलेस्टिॲटोमा नावाचा आजार असतो. त्वचेचा पापुद्रा मधल्या कानात शिरतो, वाढतो आणि हाड खातो. त्याचा कण जरी मागे राहिला तरी दोन वर्षांनी पेशंट पुन्हा दारात. आम्ही हे ऑपरेशन पिढ्यान्‌पिढ्या मायक्रोस्कोपखाली करत आलो. मायक्रोस्कोप उत्तम, पण तो सरळ रेषेत बघतो. मधल्या कानाच्या मागच्या बाजूला एक खळगा आहे, सायनस टिंपनाय, तो सरळ रेषेत येतच नाही. १९९० च्या दशकात काही सर्जन मायक्रोस्कोपने काम संपल्यावर तिथे दुर्बीण घालून बघायला लागले आणि 'संपलं' म्हटलेल्या कानात कण सापडायला लागले. मुआझ ताराबिची यांनी १९९७ मध्ये तर अख्खं ऑपरेशनच दुर्बिणीने करण्याबद्दल लिहिलं. आज आमच्यात ते नेहमीचं झालंय.

लोणच्याच्या बरणीचं उदाहरण घ्या. तोंडातून वाकून बघितलं की तळ स्वच्छ दिसतो. पण बरणीच्या खांद्याला आतून जो मसाला चिकटलेला असतो तो वरून कधीच दिसत नाही. बोट फिरवलं तरच कळतो. ३० अंशांच्या तिरक्या दुर्बिणीचं काम म्हणजे डोळा त्या खांद्याखाली नेणं. मांजराच्या डबीत असे खांदे किती असतील, ढोरवैद्य सांगतील.

(अवांतर : इतक्या बारीक नळीतून इतकं स्वच्छ दिसतं याचं श्रेय हॅरॉल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचं. १९५९ च्या सुमारास त्याने नळीत छोट्या भिंगांऐवजी काचेच्या लांब कांड्या बसवायची युक्ती काढली. प्रकाश कितीतरी जास्त येतो.)

ढोरवैद्य

कानसेन यांची बरणी मी उद्यापासून पेशंटच्या मालकांना सांगणार. खांदे तीन. फोडलेल्या आडभिंतीची उरलेली कड आणि तिच्या मागची बाजू, लहान कप्प्याचा पुढचा कोपरा म्हणजे युस्टेशियन नळीचं तोंड, आणि डबीचं छत. पैकी छताबद्दल पुढे बोलतो, ते धोक्याचं आहे.

हिशोबनीस, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दुर्बीण विकणारे देत नाहीत. मुळात जे क्वचित परत येतं ते आणखी क्वचित झालं हे सिद्ध करायला प्रचंड संख्येने मांजरं लागतील. दुर्बिणीत कण दिसला हे एक, आणि तो राहिला असता तर मांजराला त्रास झालाच असता हे दुसरं. या दोन गोष्टी एक नाहीत. मी स्वतः आजवर कपाळावर लावायचं भिंग आणि दिव्यावर काम केलंय, आणि माझी मांजरं बरी झालीत. जी झाली नाहीत ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असतील, हेही मान्य करतो.

पण वेळेचं म्हणाल तर दुर्बीण टेबलावर जोडून तयार असेल तर बघायला पाच-दहा मिनिटं. ती ऐनवेळी शोधायला लागले, कॅमेऱ्याची वायर सापडेना, तर अर्धा तास. म्हणून सर्जनला हे विचारा : "तुम्ही दर वेळी बघता का, की अडचण आली तरच?" दर वेळी बघणारा हात सरावलेला असतो.

टोरांटोकर

ढोरवैद्य यांच्या "दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असतील" या वाक्यावर थांबले. आमची चिमी त्यातलीच.

चिमी चौदा वर्षांची. उजव्या कानाच्या नळीत मेणाच्या ग्रंथींचा कॅन्सर निघाला. अख्खी कानाची नळी काढून बाजूने डबी उघडून साफ केली. इथे सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून टीका (TECA) म्हणतात, मला प्रत्येक वेळी मराठीतली टीका आठवायची. कॅन्सर पूर्ण निघाल्याचा रिपोर्ट आला. आम्ही आनंदात.

दीड वर्षाने कानाच्या जागी, गालाच्या मागे सूज आली. तोंड उघडताना ओरडायची. मग एके दिवशी सूज फुटली आणि उशीवर पू. आम्हाला वाटलं कॅन्सर परत आला. तो नव्हता. डबीच्या आतल्या कप्प्यात आधीच्या वेळचं अस्तर राहिलं होतं. बाहेर यायला वाट नाही, नळीच काढलेली. त्या अस्तरातून पाझरत राहिलं आणि आत साचत राहिलं. नव्या सर्जनने सीटीवर दाखवलं तेव्हा कळलं की आडभिंतीला भोक पाडलं होतं, पण जेमतेम मसुराएवढं.

दुसऱ्या ऑपरेशनला तिने दुर्बीण वापरली. आधीच्या ऑपरेशनचे व्रण असल्यामुळे चेहऱ्याची नस ओळखणं कठीण गेलं, ती ताणली गेली. चिमीची उजवी पापणी आता मिटत नाही. दिवसातून चार वेळा डोळ्यात जेल घालतो. पू मात्र परत आला नाही, त्याला आता दोन वर्षं होतील.

पहिल्याच वेळी बघितलं असतं तर दुसरी वेळ आली नसती का, हे मी सर्जनला विचारलं. ती म्हणाली, "कदाचित. पण आधी भोक मोठं करायला हवं होतं. छोट्या भोकातून दुर्बिणीलाही काय दिसणार?"

ढोरवैद्य

टोरांटोकर, तुमच्या सर्जनबाई जाणकार आहेत. दुर्बीण नीट उघडण्याला पर्याय नाही.

सईताई, अजून एक गोष्ट समजून घ्या, कारण ऑपरेशननंतर तात्याला बघून तुम्ही घाबराल. मांजराच्या डबीत, आडभिंतीजवळ, हाडाच्या एका उंचवट्यावरून डोळ्याकडे जाणाऱ्या नसांचे तंतू अगदी उघड्यावर जातात. नुसतं खरवडलं, नुसतं पुसलं तरी ते दुखावतात. मग त्या बाजूची बाहुली बारीक, पापणी अर्धी मिटलेली, आणि नाकाच्या कोपऱ्यातून पांढरट तिसरी पापणी वर आलेली. याला हॉर्नर म्हणतात. बऱ्याच मांजरांत होतं आणि बहुतेकांत काही आठवड्यांत जातं. हे सर्जनचं चुकलं असं नाही.

चिमीचं झालं ते वेगळं. ती चेहऱ्याची नस. फरक घरी ओळखता येतो : स्वच्छ बोट डोळ्याच्या कोपऱ्याला हलकेच लावा. हॉर्नरमध्ये पापणी मिटते. चेहऱ्याची नस गेली असेल तर मिटत नाही आणि डोळा कोरडा पडून जखम होऊ शकते. मिटत नसेल तर त्याच दिवशी फोन करा.

आता छताचं. वरच्या-आतल्या भिंतीला दोन खिडक्या आहेत, त्यापलीकडे आतला कान, तोल सांभाळणारं यंत्र. दुर्बिणीत तिथे काही चिकटलेलं दिसलं तर हात शिवशिवतात. तिथे खरवडलं तर मांजर मान वाकडी करून गोल गोल फिरत बसेल. दिसलं म्हणजे काढलंच पाहिजे असं नसतं. काही वेळा दुर्बिणीचा उपयोग "इथे हात लावायचा नाही" हे कळायलाच होतो.

कानसेन

अगदी. दोन जोडण्या : प्रकाशामुळे दुर्बिणीचं टोक तापतं, त्यामुळे प्रकाश कमी ठेवून, अधूनमधून बाहेर काढून, सलाइनने धूत काम करायचं. आणि एक हात दुर्बीण धरण्यात जातो, खरवडायला एकच उरतो. रक्त येत असेल तर काच लाल होते आणि काहीच दिसत नाही. तेव्हा आधी रक्त थांबवून, धुऊन मगच आत.

हिशोबनीस

ठीक. माझी हरकत अर्धी मागे घेतो. बिलाबद्दलची अर्धी ठेवतो.

अण्णा_बेळगावकर

ऐकू येईल ना पण त्याला नंतर? आमच्या आजीचं तेल घालून कुणी बहिरं झालं नाही. :)

ढोरवैद्य

तात्याचं गळ्याकडून होतंय, कानाची नळी जागेवर राहते. सहसा ऐकू येत राहतं. चिमीसारखं नळीच काढली तर त्या बाजूचं बरंच कमी होतं. आजीच्या तेलाच्या पेशंटांची यादी असल्यास द्या, तपासू.

खिडकीतली_सई

धागा वर काढतेय. मंगळवारी झालं.

मी ढोरवैद्य यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. सर्जन हसले आणि म्हणाले, "दर वेळी. २०१९ मध्ये एकदा नाही बघितलं, ते मांजर अजून लक्षात आहे." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्डिंग दाखवलं. सगळं पाण्यात होतं, सलाइन सोडत सोडत बघतात. आधी सरळ दुर्बीण. मोठा कप्पा करवंटीच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, पांढरट, कुठे कुठे रक्ताची बारीक नक्षी. आडभिंतीची कापलेली कड अंड्याच्या टरफलासारखी. माझ्या डोळ्यांना स्वच्छच दिसत होतं. मग तिरकी दुर्बीण आली आणि त्यांनी ती हळूहळू फिरवली. चित्र गरगरलं, मला थोडं मळमळलं. कडेच्या मागे, पुढच्या कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी गुलाबी पाण्यात हलत होतं. शेवाळ हलावं तसं. सर्जन म्हणाले, "हे बघा. नळीचं तोंड इथे आहे. हे राहिलं असतं."

वाकडं टोक असलेलं बारीक चमच्यासारखं हत्यार आलं, दोन वेळा चुकलं, तिसऱ्या वेळी निघालं. पुन्हा धुतलं, पुन्हा फिरवून बघितलं. वर एका ठिकाणी चिकट अस्तर होतं, तिथे मात्र त्यांनी हात लावला नाही. हे तुम्ही आधी लिहिलं नसतं तर मी नक्की भांडले असते. रेकॉर्डिंगचा काटा बघितला, सगळं मिळून नऊ मिनिटं.

तो कण खरंच परत वाढला असता का, हे मला कधीच कळणार नाही. पण नवरा आता एसीच्या फिल्टरचं नाव काढत नाही.

तुकडा तपासणीला गेलाय, आतला स्वॅब कल्चरला. घरी तात्याचा डावा डोळा अर्धा मिटलेला, पांढरी पापणी वर. बोट लावलं, मिटला. तरी रडले थोडी. कॉलरमुळे दाराच्या चौकटीला आपटत फिरतोय.

रानमांजर

बिचारा तात्या. कॉलर असताना ताटली जमिनीवर न ठेवता वाटी उलटी करून तिच्यावर ठेव. आमची अशीच जेवली.

टोरांटोकर

सई, डोळ्याचा रोज एक फोटो काढून ठेव. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. चौथ्या आठवड्यात पहिला फोटो बघ.

खिडकीतली_सई

सहा आठवडे झाले. रिपोर्ट : सूजेमुळे झालेला पॉलिप, कॅन्सर नाही. कल्चरमध्ये आलेल्या जंतूप्रमाणे अँटिबायोटिक बदललं. तिसरी पापणी साधारण चौथ्या आठवड्यात उतरली, बाहुली मात्र अजून किंचित लहान आहे, संध्याकाळच्या उजेडात कळते. फोटोंमुळेच कळलं, धन्यवाद टोरांटोकर. घोरणं बंद. इतकं बंद की पहिल्या रात्री मी उठून तो श्वास घेतोय ना बघितलं.

रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मिळालंय. नवऱ्याने ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, सगळे जेवायला बसलेले असताना. सासूबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या आहेत.

ढोरवैद्य

ते रेकॉर्डिंग मला मिळेल का? निरोप पाठवतो.

परवा पुण्याला गेलो होतो तेव्हा एक वापरलेली ३० अंशांची, २.७ ची दुर्बीण बघून आलो. काच एका बाजूला धुरकट होती, आत पाणी शिरलं असणार. नाही घेतली. कुणाच्या पाहण्यात चांगली असेल तर सांगा.

हिशोबनीस

केवढ्याला देत होता?